चांद्याचे लोखंड कशावर अडले?

नागभीड, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी हा चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा, जिल्ह्यातला भाताचा पट्टा. भातामागे राइस मिली आल्या आणि मिलींमागे वेल्डिंगची दुकाने आली. तुसात सिलिका असते. ते ज्या हॉपरमधून आणि पत्र्याच्या घसरणींवरून रात्रंदिवस वाहते, तो पत्रा हंगामागणिक पातळ होत जातो आणि एक दिवस आरपार जातो. चिखलणीची केजव्हील, ट्रॉलीचा तळ, शेताच्या फाटकाची चौकट यांचीही कामे असतातच. अशा दुकानांत गॅस कटरच्या शेजारी आता प्लाझ्मा कटर येऊन बसू लागला आहे. दहा मिलिमीटरच्या प्लेटला किती अँपिअर ठेवायचे, नोझल कोणते लावायचे, इलेक्ट्रोड अजून एक दिवस चालेल का, हे तिथले रोजचे प्रश्न. ते वरवर पाहता मशीनच्या माहितीपुस्तकातले वाटतात. पण जुन्या चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाचा इतिहास पाहिला, तर तो सारा याच जातीच्या प्रश्नांवर फिरत आलेला दिसतो. खनिज इथे होते, राबणारे हातही होते. काम चालले किंवा थांबले ते कामात जळून, झिजून, वितळून संपणाऱ्या वस्तूंवर. खनिजाचा डोंगर नकाशात दिसतो, म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष तिकडे जाते. खर्ची पडणारी वस्तू मागे उरत नाही, म्हणून ती हिशेबातून गळते. ती हिशेबात परत घेतली तर या मुलखाची गोष्ट थोडी वेगळी सांगावी लागते.

सुरुवात नायकुंडपासून करू. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यातल्या या गावी १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. काळ इसवीसनापूर्वी ७००च्या आसपासचा. भट्टी अगदी लहान, बाकदार मातीच्या विटा रचून केलेली. तिच्यासोबत मळी मिळाली आणि मातीच्या नळ्यांचे तुकडे मिळाले. भाता जी हवा फुंकतो ती या नळीतून आगीच्या पोटात जाते. मला सगळ्यांत बोलका पुरावा वाटतो तो या नळ्यांचाच. अशा भट्टीत लोखंड वितळत नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. मातीची भट्टी बाराशे-तेराशेपर्यंत जाते. कोळशाच्या जळण्यातून निघणारा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, दगड-माती मळी होऊन पातळ होते आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा मागे राहतो. तो तापवून, ठोकून त्यातली उरलेली मळी बाहेर काढावी लागते. या सगळ्यात नळीचे टोक सर्वांत उष्ण जागी असते. तिथे माती काचेसारखी होते, टोक गळून आखूड होते, कधी मळी आत शिरून भोक बुजते. भोक फार मोठे ठेवले तर भात्याचा जोर पसरतो आणि आग थंडावते. फार लहान ठेवले तर हवा पुरत नाही आणि भाता ओढणारा दमतो. म्हणजे भट्टीवाल्याचे कसब खनिज ओळखण्यात जितके होते, तितकेच नळीचे भोक, तिचा कोन आणि ती कधी टाकून द्यायची हे ठरवण्यात होते.

आणि हे लोक ढोबळ काम करत नव्हते. विदर्भातल्या महापाषाणकालीन वस्तूंचे धातुपरीक्षण करून जंग-सिक पार्क आणि वसंत शिंदे यांनी २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसते ते असे: हत्याराचे अंग मऊ लोखंडाचे आणि जिथे धार हवी तिथेच पोलाद. महागडी गोष्ट नेमकी कामाच्या जागी लावायची, बाकी ठिकाणी साध्यावर भागवायचे, ही काटकसरीची अक्कल अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला होती. नागभीडला लागून असलेल्या चिमूर तालुक्यात हिरापूरला त्या परंपरेतली मोठाली शिळास्मारके आजही उभी आहेत. त्या दगडांवरून इथे भट्ट्या होत्याच असे म्हणता येत नाही. पण लोखंड वापरणाऱ्यांच्या जगाच्या हद्दीत हा मुलूख होता एवढे नक्की.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज भूगर्भतज्ज्ञ इथे फिरले तेव्हा त्यांनी लोहारा, पिंपळगाव, देवलगाव, रत्नापूर, गुंजेवाही अशी लोहखनिजाची ठिकाणे नोंदवली. यातली बरीच आजच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी भागात, म्हणजे नागभीडच्या शेजारी. लोहाऱ्याला तर टेकडीच खनिजाची, आणि त्यात लोहाचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक. देशी भट्ट्या त्या काळीही धुमसत होत्या. मग त्या विझल्या कशा? रूढ उत्तर असे की १८६७ साली नागपूरला रेल्वे आली, तिच्यातून विलायती लोखंड आले आणि स्वस्ताईपुढे गावठी लोखंड टिकले नाही. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. विलायती लोखंड स्वस्त झाले ते दगडी कोळशाच्या कोकमुळे. आणि इथले महाग होत गेले ते लाकडी कोळशामुळे. एक किलो कोळसा पाडायला चार-पाच किलो लाकूड जाते आणि एक किलो ठोकलेले लोखंड हाती येईपर्यंत कित्येक किलो कोळसा भट्टीत जातो. १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात कुऱ्हाड घालायला परवाना आणि दाम लावले, तेव्हा भट्टीचा सर्वांत मोठा खर्च एका फटक्यात सरकारच्या हाती गेला. खनिजाला कोणी हात लावला नव्हता. ते टेकडीवर होते तिथेच राहिले. यावर कोणी म्हणेल की कायदा नसता तर भट्ट्यांनी जंगल खाऊन टाकले असते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. लाकडी कोळशावरच्या लोखंडाने युरोपातली कित्येक राने उजाड केली. पण त्यातूनही निघते ते हेच: प्रश्न खनिजाचा नव्हता, खर्ची पडणाऱ्या सरपणाचा होता.

हीच गोष्ट पुढे मोठ्या मापाने पुन्हा घडली. वरोऱ्याला १८७०च्या दशकात सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती. त्याच जिल्ह्यात लोहाऱ्याची टेकडी. हे दोन्ही जोडता येईल का हे पाहण्यासाठी सरकारने रिटर फॉन श्वार्झ या धातुतज्ज्ञाला नेमले आणि त्याचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल १८८२ साली आला. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी तो वाचला आणि पोलादाचा कारखाना काढायचा हे त्यांच्या मनाने तिथे घेतले. म्हणजे भारतातल्या आधुनिक पोलादाचे बीज पुढे जिथे कारखाना झाला त्या साकचीत नव्हे, चांद्याच्या कागदात पडले. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला नेऊन तपासून घेतला. तो या कामाचा निघाला नाही. कोक होण्याच्या जातीचा तो कोळसाच नव्हता. सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. खनिज होते, भांडवल होते, इच्छा तर होतीच होती. पाऊल अडले ते जळणावर. १८९९ नंतर कर्झनच्या काळात अटी सैल झाल्या आणि जमशेटजींनी पुन्हा चांद्याकडे नजर वळवली. १९०३-०४च्या सुमारास अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापूरजी सकलातवाला हा मुलूख धुंडाळत होते.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप येतो. वेल्डने चांद्याची योजना सोडून द्यायला सांगितले ते खनिज पुरेसे नाही म्हणून. साठे चांगल्या प्रतीचे पण विखुरलेले, अवाढव्य कारखान्याची भूक भागवणारे नव्हेत. मग खनिजाने अडवले नाही असे कसे म्हणायचे? उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे, की ‘पुरेसे’ हे कशाला पुरेसे यावर ठरते. कोकवर चालणारी झोतभट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षे विझवता येत नाही. तिला डोंगरच्या डोंगर लागतात. हे माप जळणाच्या पद्धतीने ठरवलेले माप आहे. लोहाऱ्याची टेकडी देशी भट्ट्यांना शतकानुशतके पुरली असती. दुसरे असे, की मोठे खनिजही त्याच चांदा जिल्ह्यात होते. दक्षिणेला अहेरी जमीनदारीत सुरजागडचा डोंगर होता, आणि गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत तो चांद्याचाच भाग होता. तिथवर ना रूळ होते, ना कोळसा. दोराबजी निरोप घ्यायला नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे त्यांना भूगर्भाच्या नकाशात दुर्गकडचा लोखंडाचा डाग दिसला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तो नकाशा प्रमथनाथ बोसांच्या सर्वेक्षणावरचा. त्या डागाच्या मागावर वेल्ड राजहराला पोचला, खनिज अफाट निघाले. तरी कारखाना तिथेही झाला नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये याच बोसांनी मयूरभंजच्या गोरुमहिसानीविषयी पत्र लिहिले, आणि झरियाचा कोकचा कोळसा ज्या टापूपासून जवळ, तिथे कारखाना गेला. अफाट खनिजाचा राजहरा तेव्हा मागे पडला हे लक्षात घेतले, तर चांद्याचे लोखंड नुसत्या खनिजाच्या तुटवड्याने अडले असे म्हणणे पुराव्याला धरून राहत नाही.

नागभीडला या साऱ्यातून वेगळीच गोष्ट मिळाली. १९०८ साली बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी लाइन नागपूरहून इथे आली, गोंदियाकडून येणारी लाइनही इथेच मिळाली आणि पुढे ती चांदा फोर्टला गेली. गाव जंक्शन झाले. खनिज बाहेर नेण्यापेक्षा या रुळांनी जंगलातले लाकूड आणि भात बाहेर नेला व तयार लोखंड आत आणले. गावचा खाती-लोहार आता लोखंड गाळत नव्हता; आणलेली पट्टी किंवा भंगार तापवून फाळ पाजवत होता, कुऱ्हाडीला पाणी देत होता. पुढे ट्रकच्या कमानीचे पाटे हे त्याचे आवडते पोलाद झाले, आणि योग्यच झाले, कारण तेवढे चांगले पोलाद त्याच्या पणज्याने कधी पाहिले नसते. कापायचे काम मात्र जुन्या रीतीने चाले: लोखंड लाल करायचे, छिन्नी ठेवायची, घण मारायचा. जाड पाटा असा कापणे म्हणजे दोन माणसांचे आणि बऱ्याच कोळशाचे काम.

गॅस कटरने ते बदलले. ऑक्सिजन आणि अॅसिटिलीनची टॉर्च १९०३च्या सुमारास फ्रान्समध्ये आकाराला आली. भारतात हे वायू बाजारात विकणारी कंपनी १९३५ साली कलकत्त्यात उभी राहिली. लोखंड साधारण नऊशे अंशांना तापवून त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत मारला की ते चक्क जळते, आणि त्याचा ऑक्साइड लोखंडाच्या आधी वितळत असल्याने झोताबरोबर उडून जातो. नायकुंडच्या भट्टीत जो ऑक्सिजन लोखंडापासून हिसकावून घेतला, तोच इथे परत दिला जातो. पण तालुक्याच्या गावात या टॉर्चची चाल सिलिंडरवर ठरली. सिलिंडर कधी भरून येईल, कार्बाइड ओलावले तर नाही ना, टीपचे भोक कचऱ्याने वाकडे तर झाले नाही ना. मोठ्या शहरात सिलिंडर दुपारी संपला तर संध्याकाळी दुसरा येतो. जंगलपट्टीत तो गाडीची वाट पाहतो, आणि गाडी पावसाची.

प्लाझ्माचे आकर्षण नेमके इथे आहे: वायू विकत घ्यावा लागत नाही, कॉम्प्रेसरची हवा चालते. १९५५ साली अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातल्या रॉबर्ट गेजने विजेची ठिणगी बारीक भोकातून दाबून काढली आणि वीस हजार अंशांच्या घरातला झोत मिळवला. त्याचे पेटंट १९५७चे. पहिल्या यंत्रांना मात्र आर्गॉन, नायट्रोजन, हायड्रोजन असे महागडे वायू लागत, कारण टंगस्टनचा इलेक्ट्रोड हवेतल्या ऑक्सिजनपुढे क्षणात जळून जाई. १९६०च्या दशकात तांब्याच्या कांडीत झिर्कोनियमचा किंवा हाफ्नियमचा बारीक ठिपका बसवण्याची युक्ती निघाली आणि साध्या हवेवर कापणे शक्य झाले. म्हणजे जगभरच्या छोट्या दुकानांत प्लाझ्मा पोचवण्याचे श्रेय यंत्रापेक्षा दोन मिलिमीटरच्या त्या ठिपक्याला जास्त आहे. हाफ्नियम हा अणुभट्टीसाठी झिर्कोनियम शुद्ध करताना वेगळा काढावा लागणारा धातू. ते काम आपल्याकडे हैदराबादच्या न्यूक्लियर फ्यूएल कॉम्प्लेक्समध्ये होते.

त्या ठिपक्याकडे आणि त्याच्यासमोरच्या नोझलकडे जवळून पाहिले म्हणजे निवडीचा अर्थ कळतो. दर वेळी ठिणगी पेटली की ठिपक्यातला कणभर हाफ्नियम उडतो आणि मधोमध खळगा पडतो. खळगा दीड मिलिमीटरच्या आसपास खोल गेला की इलेक्ट्रोड काढायचा. हट्टाने चालवला तर ठिणगी तांब्याला धरते आणि कांडीबरोबर नोझल, कधी टॉर्चचे डोकेही नेते. नोझलचे भोक करंटच्या हिशेबाने पाडलेले असते, ४० अँपिअरचे साधारण एक मिलिमीटर, मोठ्या करंटचे त्याहून थोडे मोठे. चाळीसच्या नोझलमधून साठ सोडले तर झोत मावत नाही, भोकाची कड चाटली जाते, गोल भोक लंबगोल होते आणि काप तिरका येऊ लागतो. उलट, मोठ्या भोकातून कमी करंट सोडला तर झोत पसरतो आणि चीर रुंद, बोथट होते. चार मिलिमीटरच्या पत्र्याला चाळीस अँपिअर पुरतात, दहा-बाराच्या प्लेटला साठच्या आसपास लागतात, पंचविसाला शंभर. हवा साडेपाच-सहा किलो, आणि कोरडी. झाडीपट्टीतल्या आषाढ-श्रावणात कॉम्प्रेसरच्या टाकीत दिवसाकाठी पाणी साठते. ते सोडले नाही आणि फिल्टर पाहिला नाही, तर आठवडाभर चालणारा इलेक्ट्रोड दिवसात बसतो. वेग बरोबर असेल तर ठिणग्या प्लेटखाली किंचित मागे झुकून पडतात. हात सावकाश चालला तर खाली जाड मळी चिकटते, पण टोकरली की निघते. घाईने चालला तर बारीक, कडक मणी धरतात आणि ते ग्राइंडरशिवाय सुटत नाहीत. झोताला भोवरा दिलेला असतो, म्हणून बहुतेक टॉर्चमध्ये पुढे जाताना उजवीकडची कड सरळ येते. कामाचा तुकडा उजवीकडे ठेवायचा आणि तिरकी कड भंगाराकडे जाऊ द्यायची. जाड प्लेटीत मधोमध भोक पाडून सुरुवात करण्यापेक्षा कडेवरून शिरले तर उडणारे वितळलेले लोखंड नोझलच्या तोंडावर येत नाही.

यावर म्हणता येईल की ही सांगड ओढूनताणून आणलेली आहे. नायकुंडच्या नळीपासून आजच्या नोझलपर्यंत कोणतीही परंपरा चालत आलेली नाही, आजचा कारागीर आयटीआयमध्ये किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकला. मला हे मान्य आहे. रक्ताचा किंवा विद्येचा वारसा मी सांगत नाही. भट्टीवाल्यांची विद्या त्यांच्या भट्ट्यांबरोबर गेली आणि ती परत येणार नाही. माझा मुद्दा अडचणीच्या जातीचा आहे, आणि ती जात दोन्हीकडे सारखी आहे: झोत, त्याला वाट देणारे भोक, आणि ते भोक कधी मोडीत काढायचे याचा निर्णय. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तो मला साम्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. भट्टीवाला आपली नळी ओढ्याकाठच्या मातीची स्वतः करत असे. गळली तर दुसरी वळून सुकवायला घालायची. आजच्या नोझलचे तांबे, हाफ्नियम, कारखाना, सगळे जिल्ह्याबाहेरचे. त्यामुळे नागभीडच्या दुकानदाराची निवड बऱ्याचदा प्लेट पाहून होत नाही, डबीत काय शिल्लक आहे ते पाहून होते. साठचे नोझल संपले म्हणून चाळीसचे लावणे ही चूक त्याला कळत नाही असे नाही. नागपूरहून माल येईपर्यंत मिल बंद ठेवणे मिलवाल्याला परवडत नाही, एवढेच. स्वस्त नकली नोझल याच फटीतून शिरते. त्याचे भोक कधी मधोमध नसते, कधी त्यावर अँपिअरचा आकडाच नसतो.

जळणाचे कोडे दरम्यान दुसऱ्या बाजूने सुटले. घुग्घुसला स्पंज आयर्न तयार होते, गडचिरोली जिल्ह्यात कोनसरीलाही तयार होते, आणि खनिज सुरजागडहून येते. या पद्धतीत कोक लागत नाही. जमशेटजींच्या तपासणीत नापास झालेल्या जातीचा कोळसा चालतो. लोखंड न वितळता खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि सच्छिद्र गोळे मिळवायचे, हे रसायन नायकुंडच्या भट्टीचेच, फक्त भट्टी आता फिरते आणि टनांत चालते. चांद्याचे लोखंड शंभरेक वर्षांनी सुटले ते नवे खनिज सापडून नव्हे, जळणाची अट बदलून. अर्थात आता अट दुसरीकडे सरकली आहे. ब्रह्मपुरीच्या जंगलात लोहारडोंगरीच्या खाणीचा प्रस्ताव आला तेव्हा वाद खनिजाच्या प्रतीवर झाला नाही; ताडोबा आणि घोडाझरी यांच्यामधली वाघांची वाट खर्ची पडते, यावर झाला. १८७८च्या कायद्याच्या वेळी जंगल राखण्याचा युक्तिवाद महसुलासाठी होता, आज तो वाघासाठी आहे, आणि मला आजचा जास्त पटतो. दुकानात कापायला येणारी जाड प्लेट भिलाईचीही असू शकते. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि तिचे खनिज राजहराच्या त्या डोंगरातले, जो वेल्डला चांद्यावरून परततानाच्या त्या वळणावर सापडला होता.